टार्नीटचा क्लब, बालेवाडीचे क्लब: नव्या उपनगरात टीमला ‘आपली’ कोण म्हणतं?

टार्नीटकर

मेलबर्नच्या पश्चिमेला, माझ्यासारखे टार्नीटला वगैरे राहणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून इथेच विचारतो. वेस्टर्न युनायटेड हा आमच्या भागाचा म्हणवला जाणारा फुटबॉल क्लब. डिसेंबर २०१८ मध्ये ए-लीगचं (ऑस्ट्रेलियातली वरची फुटबॉल लीग) लायसन्स मिळालं, २०१९-२० पासून खेळायला लागला आणि २०२२ मध्ये चक्क लीग जिंकला. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या भानगडीवरून लायसन्स गेलं, अपील झालं आणि शेवटी २०२५-२६ च्या मोसमापुरता क्लब ‘झोपवला’. पुरुषांची टीम नाही, बायकांचीही नाही.

मला खटकतंय ते हे, की आमच्या रस्त्यावर कुणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. टार्नीट ज्यात येतं त्या विंडम कौन्सिलची वस्ती २०२१ च्या जनगणनेतच तीन लाखांच्या घरात होती. सहा महिन्यांनी एखाद्या भागात गेलं तर रस्ता ओळखू येत नाही, इतकी घरं उठतात. शनिवारी सकाळी कुठल्याही ओव्हलवर (मैदानावर) जा, अर्धी पोरं आपली. मुलं आहेत, आईबापांकडे गाडी आहे, वीकेंडला जायला जागा नाही म्हणून लोक शॉपिंग सेंटरमध्ये चकरा मारतात. नव्या क्लबला आणखी काय हवं? तरी जमलं नाही. आणि तिकडे सिडनीच्या पश्चिमेला वॉन्डरर्स क्लबने पहिल्याच मोसमात अख्खा भाग डोक्यावर घेतला होता. फरक नक्की कुठे पडला?

पॅरामॅटाची_पाटलीण

मी २०१२ ला सिडनीत, पॅरामॅटाशेजारच्या हॅरिस पार्कमध्ये भाड्याने राहत होते, त्यामुळे हे सगळं दारात बघितलंय.

वॉन्डरर्स एप्रिल २०१२ मध्ये जाहीर झाले आणि ऑक्टोबरमध्ये पहिली मॅच. सहा महिने! खेळाडू नाहीत, नाव नाही, रंग नाही. फेडरेशनने एक गोष्ट मात्र नीट केली: पश्चिम सिडनीच्या वेगवेगळ्या उपनगरांत सभा घेतल्या आणि लोकांना विचारलं की मैदान कुठलं हवं, रंग कुठला हवा, नाव काय ठेवायचं. उत्तर आलं पॅरामॅटा, लाल-काळा आणि वॉन्डरर्स. नाव उगाच आलेलं नाही. १८८० मध्ये न्यू साउथ वेल्समधली पहिली नोंदलेली फुटबॉल मॅच पॅरामॅटातच झाली, त्यातल्या एका टीमचं नाव वॉन्डरर्स होतं. म्हणून तर ८० व्या मिनिटाला रेड अँड ब्लॅक ब्लॉकवाले (वॉन्डरर्सचे कट्टर पाठीराखे) मैदानाकडे पाठ करतात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकतात आणि उड्या मारतात. पहिल्यांदा बघताना मला वाटलं भांडण झालंय.

आता त्या दिवशी काय व्हायचं ते सांगते. मॅचच्या आधी चर्च स्ट्रीटवर पबपाशी लोक जमायचे आणि तिथून स्टेडियमपर्यंत चालत, गात जायचे. ढोल असायचे. आमच्या विग्रम स्ट्रीटवर डोसा खायला आलेली मंडळी आधी घाबरायची, मग फोन काढायची. एक बाजू ओरडायची ‘हू डू वी सिंग फॉर?’, दुसरी उत्तर द्यायची. या गर्दीत क्रोएशियन, लेबनीज, इटालियन, व्हिएतनामी, सगळे. सिडनी युनायटेड, मार्कोनी अशा जुन्या क्लबांची ही माणसं. २००४ ला जुनी राष्ट्रीय लीग बंद पडल्यावर त्यांना वरच्या लीगमध्ये स्वतःचा क्लबच नव्हता. शहरातला सिडनी एफसी त्यांना आपला वाटला नाही. म्हणजे प्रेम आधीच होतं, आठ वर्षं बिनपत्त्याचं पडून होतं. क्लबने त्याला पत्ता दिला.

तुमच्याकडे ती आठ वर्षांची भूक होती का?

फूटस्क्रे_१९९८

पाटलीणबाईंचा शेवटचा प्रश्न बरोबर जागी लागलाय. उत्तर: नव्हती.

पश्चिम मेलबर्नला ‘खेळाचं वेड नसलेला नवा भाग’ समजणं हीच मोठी गफलत. इथे फूटीचे (ऑस्ट्रेलियन रूल्स, फुटबॉलहून वेगळाच खेळ) वेस्टर्न बुलडॉग्ज आहेत. १९८९ मध्ये हाच क्लब, तेव्हाचा फूटस्क्रे, दुसऱ्या क्लबात विलीन करायचं ठरलं होतं, तेव्हा इथल्या कामगार वस्तीने रस्त्यावर डबे खुळखुळवून, दारोदार फिरून पैसे जमवले आणि क्लब वाचवला. २०१६ मध्ये ६२ वर्षांनी ते प्रीमियरशिप जिंकले, तेव्हा मी ज्या कारखान्यात होतो तिथे निवृत्तीला आलेली माणसं रडत होती. फुटबॉलवाले म्हणाल तर सनशाइन नॉर्थला मेलबर्न नाइट्स आहे, क्रोएशियन लोकांनी उभा केलेला, जुन्या राष्ट्रीय लीगचा दोनदा विजेता. शहरात मेलबर्न व्हिक्टरी २००५ पासून. पश्चिमेतले कितीतरी फुटबॉलवेडे वेस्टर्न युनायटेड जन्मायच्या आधीच चौदा वर्षं व्हिक्टरीचे झाले होते. बाप व्हिक्टरीचा असेल तर पोरगं काय करणार?

राहिले नवे आलेले लोक. म्हणजे आपण. आपण रिकामे होतो, पण आपल्यापर्यंत फुटबॉल पोचवायला आधी आपल्या दारापर्यंत यावं लागतं.

टार्नीटकर

आणि दारापर्यंत ते पाच वर्षं आलेच नाहीत! हे नव्या लोकांना माहीत नसेल म्हणून लिहितो.

लायसन्स मिळालं तेच मुळी टार्नीटमध्ये १५ हजार आसनांचं स्वतःचं स्टेडियम बांधू या बोलीवर. कौन्सिलबरोबर करार, जमीन, आजूबाजूच्या विकासातून पैसा उभा करायचा वगैरे. चित्रं फार सुंदर होती. स्टेडियम अजून झालेलं नाही. तोवर ‘होम’ मॅचेस कुठे? जिलॉंगला कार्डिनिया पार्क. बॅलराट. फूटस्क्रेचं व्हिटन ओव्हल. शहराच्या पलीकडचं एएएमआय पार्क. टास्मानियात लॉन्सेस्टनला समुद्र ओलांडूनसुद्धा. बदलीच्या नोकरीतल्या साहेबासारखा क्लब, शेजाऱ्यांची ओळख होते न होते तोच सामान बांधलेलं.

गंमत म्हणजे टार्नीट स्टेशनवरून जिलॉंगची व्हीलाइन ट्रेन सरळ जाते. साउथ जिलॉंगला उतरून मैदान चालत गाठता येतं. मी गेलोय. प्रवासाचा त्रास नाही हो, त्रास आहे तो तिथे पोचल्यावर. सगळीकडे जिलॉंगच्या फूटी क्लबचे निळे-पांढरे फोटो, निळ्या-पांढऱ्या खुर्च्या, आणि त्यात आम्ही हिरवे-काळे विखुरलेले. प्रचंड स्टेडियम, चार टाळ्या. मुलगा म्हणाला, ‘बाबा, आपण पाहुणे आहोत का?’

टार्नीटमध्ये आयर्नबार्क फील्ड्स हे छोटं, पाच हजारांचं मैदान तयार झालं आणि २०२४ पासून मॅचेस तिथे व्हायला लागल्या. तेव्हा कुठे लोक सायकली घेऊन येताना दिसले. मग वर्ष-सव्वा वर्षात क्लबच विझला.

आकडेमोड

भावनिक चर्चा छान आहे, पण सगळे एक गोष्ट टाळताहेत. वॉन्डरर्स पहिल्याच मोसमात गुणतक्त्यात पहिले आले, सलग १० मॅचेस जिंकले. २०१४ ला आशियाची चॅम्पियन्स लीग जिंकले, सौदीच्या अल हिलालला हरवून. असं झालं तर मोर्चे निघणारच. लोक जिंकणाऱ्याच्या मागे जातात. सभा, रंग, १८८० वगैरे नंतर चिकटवलेलं.

पॅरामॅटाची_पाटलीण

@आकडेमोड, मग वेस्टर्न युनायटेडचं काय? २८ मे २०२२, ग्रँड फायनल (गुणतक्त्यानंतर विजेता ठरवणारी शेवटची मॅच), मेलबर्न सिटीला २-० हरवलं. तिसऱ्याच मोसमात विजेते. वॉन्डरर्स आजपर्यंत ए-लीगची ग्रँड फायनल एकदाही जिंकलेले नाहीत! तुमच्या हिशेबाने टार्नीटमध्ये आज मिरवणुका हव्या होत्या.

उलट आमचीच गोष्ट पुढे ऐका. २०१६ नंतर जुनं पॅरामॅटा स्टेडियम पाडायला घेतलं आणि तीन मोसम टीम होमबुशला ऑलिम्पिक पार्कात खेळली. किती लांब? दहाएक किलोमीटर. तरी गर्दी ओसरली. चर्च स्ट्रीटचा मोर्चा नाही, मॅचनंतर चालत घरी येणं नाही. होमबुशला पश्चिम सिडनीचाच भाग म्हणतात, नकाशात असेलही. २०१९ ला ३० हजारांचं झकास नवं स्टेडियम उघडलं, तेही त्याच जागी, पण आधीची धग पूर्ण परत आलेली मला तरी दिसत नाही. मध्ये जी पोरं दहाची तेरा झाली, त्यांनी शनिवारची दुसरी सवय लावून घेतली.

आकडेमोड

ठीक, जिंकणं पुरेसं नाही हे मान्य. पण गरजेचं आहे. मॅकार्थर घ्या, सिडनीच्या नैऋत्येच्या कॅम्पबेलटाउनचा क्लब. मैदान पहिल्या दिवसापासून स्वतःच्या भागात. वर २०२२ आणि २०२४ चा ऑस्ट्रेलिया कप. तरी स्टँड रिकामेच दिसतात. म्हणजे ‘एका जागी राहा, लोक येतील’ हेही खरं नाही.

फूटस्क्रे_१९९८

मॅकार्थरचा मुद्दा चांगला आहे. तिथे वॉन्डरर्स आठ वर्षं आधी येऊन बसले होते, त्यांची कित्येक माणसं कॅम्पबेलटाउनचीच. एकाच भुकेवर दोन पंगती उठत नाहीत.

बालेवाडी_फाटा

परदेशात कशाला जाता, आमचं बालेवाडी बघा. मी म्हाळुंगे-बालेवाडीच्या सीमेवर राहतो, स्टेडियमचे दिवे गच्चीतून दिसतात.

इथे दहा-बारा वर्षांत चार क्लब आले नि गेले. पुणे एफसी २००७ ला सुरू, आय-लीगमध्ये (तेव्हाची राष्ट्रीय लीग) २०१२-१३ ला दुसरा क्रमांक, मग बंद. भारत एफसी फक्त एक मोसम. डीएसके शिवाजीयन्स आय-लीगचे दोन मोसम. आणि सगळ्यात झगमगाटी, आयएसएलमधला (इंडियन सुपर लीग) एफसी पुणे सिटी, २०१४ ते २०१९. पहिल्या वर्षी फ्रान्सचा त्रेझेगे आला होता! २०१७-१८ ला सेमीफायनल गाठली, इथली मॅच ०-०, बंगळुरूत छेत्रीने हॅटट्रिक मारून घरी पाठवलं. पुढच्या वर्षी क्लब गुंडाळला आणि त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबाद आलं. ते हैदराबाद २०२२ ला आयएसएल जिंकलं. आम्ही टीव्हीवर बघत बसलो.

तर निष्ठेचं म्हणाल तर ऑरेंज आर्मी नावाचा ग्रुप खरोखर होता, खोटा नव्हता. ढोल-ताशा घेऊन यायचे, पथकातली पोरं होती त्यात. पण ती पोरं कुठली? बरीचशी कॅम्प, कोंढवा, खडकी, पिंपरीची. पुण्यातलं जुनं फुटबॉल तिकडेच आहे. आणि क्लब बसला बालेवाडीत, जिथे तेव्हा सगळे आयटीवाले दोन-तीन वर्षांपूर्वी राहायला आलेले. रात्री आठची मॅच, त्या वेळी हिंजवडीहून हायवेच्या सर्व्हिस रोडवर गाड्या मुंगीच्या चालीने. ज्यांना यायचं होतं ते ट्रॅफिकमध्ये, आणि जे शेजारी होते ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आज पार्किंग कुणी बाहेरच्यांना देऊ नका’ लिहीत होते. आमच्या सोसायटीत तीनशेवर फ्लॅट. क्लबकडून कुणी कधी पोरांना प्रॅक्टिस बघायला बोलावलं, सोसायटीच्या गेटवर कुणी खेळाडू आला, असं मला आठवत नाही. फुकट पास मात्र भरपूर यायचे. फुकट पासने माणूस एकदा येतो.

अवांतर: त्याच बालेवाडीत पुणेरी पलटण मात्र टिकली. कबड्डी ज्याला त्याला माहीत, गावाकडून आलेल्याला तर जास्तच. २०२४ च्या मार्चमध्ये लीग जिंकले तेव्हा आमचा वॉचमन पेढे वाटत होता.

मंगळवार_पेठ

लई मजा वाटली वाचून. आमच्याकडं कोल्हापुरात ‘सपोर्टर कसे जमवायचे’ हा प्रश्नच कधी पडला नाही. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस. टीम तालमीची, तालीम पेठेची, आन् पेठ आपली. बारशाला टीम ठरते. शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुकानाचं अर्धं शटर खाली. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपला भारताकडनं अनिकेत जाधव खेळला, तो आमच्या मातीतला. टीमनं नायजेरियन आणले तरी टीम पेठेचीच.

पन तुमच्या धाग्यावर एक सांगतो. आता पेठेतली पोरं लग्न झाल्यावर आर. के. नगर, उचगाव, पाचगावला फ्लॅट घेत्यात. मॅचला परत पेठेतच येत्यात. त्या नव्या भागात कुणी नवी टीम काढली तर? कोण बघंल? मला वाटत नाही कोण बघंल. म्हंजे जुनी निष्ठा नव्या उपनगराला मारक बी असतीया.

नेरुळ_पूर्व

मुंबई सिटी पहिली दोन वर्षं आमच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला खेळायची. नवी मुंबईकर म्हणून छाती फुगली होती. २०१६ ला अंधेरीला गेले. मोठ्या स्टेडियमवरून लहान मैदानावर, पण गेले. नंतर दोनदा आयएसएल कप जिंकले. माझं अभिनंदन आहे, बाकी काही नाही.

ट्रुगनिनाची_आई

सगळे पुरुष स्टेडियम-स्टेडियम करताहेत म्हणून लिहायला बसले.

आमच्या घरात वेस्टर्न युनायटेड आलं ते मुलीमुळे, आणि तेही बायकांच्या टीममुळे. २०२२-२३ ला त्यांची टीम पहिल्यांदा लीगमध्ये उतरली आणि त्याच वर्षी ग्रँड फायनलपर्यंत गेली (सिडनीने ४-० धुतलं ते सोडा). त्या वर्षी त्या प्लम्प्टनच्या सिटी व्हिस्टाच्या साध्या मैदानावर खेळायच्या. छोटा एक स्टँड, बाकी गवताचा उतार. आम्ही चटई, थर्मास, डब्यात थालीपीठ घेऊन जायचो. खेळाडू इतक्या जवळ की गोलकीपर बचावपटूंना काय ओरडते ते शब्द न् शब्द ऐकू यायचे, त्यातले काही ऐकू न आलेले बरे. मॅच संपली की मुली कुंपणापाशी रांगेने उभ्या राहायच्या आणि त्या बायका एकेकीशी थांबून बोलायच्या. माझ्या मुलीला एकीने विचारलं, ‘तू कुठल्या पोझिशनला खेळतेस?’ माझी मुलगी तेव्हा कुठेच खेळत नव्हती. ‘लेफ्ट बॅक’ म्हणाली धडधडीत. पुढच्या आठवड्यात जवळच्या क्लबात नाव घालावं लागलं.

लहान मुलांच्या क्लबात फुटबॉलची फी क्रिकेटपेक्षा बरीच जास्त आहे हे मला तेव्हा कळलं. बूट दर वर्षी लहान होतात ते वेगळंच. आपल्या लोकांत ‘क्रिकेट की फुटबॉल’ हा निर्णय बऱ्याचदा इथेच होतो. मोठ्या क्लबने दिवाळीला इन्स्टाग्रामवर पणतीचं चित्र टाकण्याऐवजी दहा वर्षांखालच्यांची निम्मी फी भरली असती, तर आमच्या रस्त्यावरची चार घरं तरी त्यांची झाली असती. पणत्या सगळेच टाकतात, बँकसुद्धा टाकते.

आकडेमोड

हे मात्र पटलं. जायंट्सने हेच केलं ना? २०१२ ला एएफएलने (फूटीची राष्ट्रीय लीग) पश्चिम सिडनीत ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्स उतरवला, जिथे लोकांना तो खेळच परका. सुरुवातीला रग्बीतला इझ्राएल फोलाव आणून हवा केली, तो एका मोसमानंतर निघून गेला. त्यानंतर शाळा-शाळांतून मुलांना चेंडू हातात द्यायचं काम चालू ठेवलं. तेही वर्षाला काही मॅचेस कॅनबेराला खेळतात, २०१९ ची ग्रँड फायनल ८९ गुणांनी हरले. तरी आज नारिंगी टोप्या ट्रेनमध्ये दिसतात. पण त्यांच्यामागे अख्ख्या लीगची तिजोरी होती. वेस्टर्न युनायटेडकडे खासगी मालक आणि जमिनीच्या विकासाचं गणित. ते गणित फसलं की दोनशे पोरांची फी कोण भरणार? क्लबला दोष देणं सोपं आहे.

टार्नीटकर

खासगी मालकांकडून धर्मादायाची अपेक्षा मी करत नाही. क्रम चुकला एवढंच म्हणतोय. १५ हजारांचं स्वप्न बाजूला ठेवून पाच हजारांचं आयर्नबार्क २०२० लाच उभं केलं असतं, कोविडमुळे एखादं वर्ष उशीर धरू, तर २०२२ चा कप टार्नीटच्या रस्त्यांवरून फिरला असता. ती एक संधी होती. आमच्या भागाचा क्लब देशात पहिला आला आणि शेजारच्या घराला पत्ताच नाही.

बालेवाडी_फाटा

पाच हजारांचं मैदान दाखवून ए-लीगचं लायसन्स मिळालं असतं का पण? बोली मोठ्या स्टेडियमची होती म्हणून तर मिळालं ना. आमच्याकडेही कागदावर सगळं मोठंच असायचं.

टार्नीटकर

बहुतेक नसतं मिळालं. म्हणजे लायसन्स देणाऱ्यांनी जे मागितलं तेच क्लबला नडलं, असं म्हणावं लागेल.

ट्रुगनिनाची_आई

आता पुढचं काय ते बोला. क्लब झोपला तरी मैदान आहे, दिवे आहेत, चेंजिंग रूम आहेत. आमच्या मुलींना मंगळवारी-गुरुवारी प्रॅक्टिसला जागा मिळत नाही, अर्ध्या ओव्हलवर तीन टीम. आयर्नबार्क फील्ड्स लोकल क्लबांना कुठल्या दिवशी, किती भाड्याने मिळणार, हे कौन्सिलला कुणी लेखी विचारलंय का? विचारलं नसेल तर मी पत्राचा मसुदा करते. विंडममधल्या ज्यांना सही करायची आहे त्यांनी व्यनि (खासगी निरोप) करा, उपनगर लिहा आणि मुलं कुठल्या क्लबात खेळतात तेही लिहा. क्रिकेटवाल्यांच्या सह्यासुद्धा चालतील.

टार्नीटकर

व्यनि केलाय. आमच्या रस्त्यावरून सात-आठ सह्या नक्की आणतो, त्यातले दोघे व्हिक्टरीचे आहेत, चालेल ना?